इंदूर ते ओरेगॉन : ब्लॅकबेरीच्या लागवडीतील सेंद्रिय खताचा इतिहास

सारांश

ब्लॅकबेरी हे मूळचे रानफळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बागेत आले. आरंभी तबेल्याच्या खतावर, पुढे रासायनिक खतावर आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रमाणित सेंद्रिय खतावर त्याची लागवड होऊ लागली. या सेंद्रिय पद्धतीच्या वैचारिक वंशवेलीचे एक महत्त्वाचे मूळ होळकर संस्थानातील इंदूर येथे सापडते. प्रस्तुत लेखात इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीपासून ओरेगॉनच्या ब्लॅकबेरी मळ्यांपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. या वाटचालीत 'सेंद्रिय' या संज्ञेचा अर्थ कसा बदलत गेला, याचा शोध घेणे हा लेखाचा उद्देश आहे.

बीजशब्द : ब्लॅकबेरी, सेंद्रिय खत, इंदूर पद्धती, अल्बर्ट हॉवर्ड, प्रमाणन, ओरेगॉन

१. प्रस्तावना

सह्याद्रीच्या उतारावरील करवंदाच्या जाळीला कोणी खत घालीत नाही. ती आपोआप वाढते, फळते आणि वाटसरू तिची फळे तोडून खातो. युरोपात व उत्तर अमेरिकेत ब्लॅकबेरीचे स्थान दीर्घकाळ असेच होते. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या या दोहोंचा संबंध नाही. ब्लॅकबेरी ही गुलाब कुळातील रुबस प्रजातीत मोडते. परंतु काटेरी, बेफाम वाढणारी आणि फुकट फळ देणारी झुडपे या नात्याने लोकजीवनात दोघींची जागा सारखीच होती.

अशा वनस्पतीला खत देण्याचा प्रश्न ती बागेत आल्यानंतरच उद्भवतो. बागेतून दरवर्षी फळे बाजारात जातात, छाटलेल्या काड्या बाहेर टाकल्या जातात आणि मातीतून गेलेले पोषणद्रव्य परत येत नाही. ते कोणी, कोठून व कोणत्या स्वरूपात परत करावयाचे, या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत मिळालेली उत्तरे म्हणजेच या विषयाचा इतिहास होय. सेंद्रिय शेतीचा इतिहास पुष्कळदा जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची कथा म्हणून सांगितला जातो. ब्लॅकबेरीचे उदाहरण तपासले असता ही मांडणी अपुरी ठरते.

२. रानातून बागेत

अमेरिकेच्या पूर्व भागातील शेतकरी ब्लॅकबेरीकडे तण म्हणून पाहत असे. पडीक टाकलेल्या शेतात प्रथम शिरणाऱ्या वनस्पतींत तिची गणना होई. १८४० च्या दशकात बॉस्टनजवळील 'डॉर्चेस्टर' आणि १८५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळील न्यू रोशेल येथून आलेली 'लॉटन' हे नाव मिळालेले आरंभीचे वाण होत. दोन्ही वाण मोठ्या शहरांच्या परिसरातील होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. शहराजवळ फळाला गिऱ्हाईक होते आणि शहरातील घोड्यांच्या तबेल्यांतून खतही मिळत होते.

तथापि ब्लॅकबेरीला भरपूर खत द्यावे, असे तत्कालीन बागायतदारांचे मत नव्हते. सुपीक जमिनीत तिच्या काड्या माजतात, फळ कमी येते आणि कोवळे लाकूड हिवाळ्यात गारठून मरते, असा अनुभव होता. या अनुभवामागील कारण वनस्पतीच्या जीवनक्रमात आहे. ब्लॅकबेरीचे खोड बहुवर्षायू असले, तरी तिची प्रत्येक काडी सामान्यतः दोन वर्षांची असते. पहिल्या वर्षी ती केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि नंतर मरते. म्हणजे एकाच झुडपावर एकाच वेळी वाढणारी नवी काडी आणि फळणारी जुनी काडी अशा दोन पिढ्या नांदत असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस खुणावलेल्या नत्राच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांतून असे दिसून आले, की फळधारी काडी बऱ्याच अंशी झुडपात आधीच साठलेल्या नत्रावर भागवते आणि त्या वर्षी दिलेले ताजे नत्र मुख्यतः नव्या काडीकडे जाते. यंदाच्या खताचा लाभ अशा रीतीने पुढील वर्षीच्या फळाला होतो. खताची मात्रा व वेळ या पिकात इतकी नाजूक का, याचे उत्तर येथे मिळते.

३. लीबिग, ग्वानो आणि तबेल्याचा ऱ्हास

ब्लॅकबेरी बागेत येत होती त्याच दशकात खताची कल्पनाच बदलत होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा शेतीतील उपयोग सांगणारा ग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीचे पोषण खनिज द्रव्यांवर होते, ही त्याची भूमिका पुढे रासायनिक खतउद्योगाचा पाया ठरली. ज्या ग्रंथाच्या नावातच 'सेंद्रिय' हा शब्द होता, त्यातूनच सेंद्रिय खताला पर्याय निघाला. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज याने १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढील वर्षी रॉथॅमस्टेड येथील प्रयोगांना आरंभ झाला.

याच काळात पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांवरून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे साठलेले थर, जहाजांनी युरोप-अमेरिकेत जाऊ लागले. ग्वानोची निकड एवढी वाढली, की अमेरिकन काँग्रेसने १८५६ मध्ये ग्वानो बेटांविषयी स्वतंत्र कायदा केला आणि बेवारस बेटांवर हक्क सांगण्याची मुभा आपल्या नागरिकांना दिली. ग्वानो हे संपूर्णपणे सेंद्रिय खत होते, परंतु ते शेतात तयार होत नव्हते. ते विकत घ्यावे लागे, त्याला बाजारभाव होता आणि त्याचा साठा संपणारा होता. सेंद्रिय खत म्हणजे शेतकऱ्याच्या घरचे खत, हे समीकरण एकोणिसाव्या शतकातच सैल झाले होते, हे यावरून स्पष्ट होते.

१९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करणारा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी व ट्रॅक्टर यांनी घोड्याची जागा घेतली आणि शहरी तबेल्यांचे खत आटत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्फोटकांसाठी उभारलेले अमेरिकेतील अमोनियाचे कारखाने खताकडे वळले. तबेला बंद होणे आणि कारखाना सुरू होणे या दोन घटना एकमेकींस पूरक ठरल्या.

४. इंदूरचा प्रयोग

या प्रवाहाविरुद्धचा एक महत्त्वाचा विचार भारतात आकारास आला. अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) हे १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांचे बरेचसे संशोधन संयुक्त होते. पुसा येथे हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळे उकरून त्यांचा अभ्यास केला. झाडाखाली गवत वाढू दिले असता झाडे खुरटतात, याचा संबंध त्यांनी जमिनीतील हवेशी व मुळांच्या स्थितीशी जोडला. फळबागेचा प्रश्न मातीच्या अवस्थेपासून वेगळा काढता येत नाही, ही त्यांची धारणा येथे पक्की झाली.

१९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर संस्थानाने तिला जमीन दिली, तर मध्य भारतातील संस्थाने व भारतीय केंद्रीय कापूस समिती यांनी आर्थिक भार उचलला. १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे संचालक होते. तेथे विकसित झालेली पद्धत 'इंदूर पद्धती' म्हणून जगभर ओळखली जाते. तिचे विवरण १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात प्रसिद्ध झाले. या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. वाड हे संस्थेत कृषिरसायन विभागाचे प्रमुख साहाय्यक होते. हॉवर्ड यांच्या कीर्तीच्या तुलनेत वाड यांचा उल्लेख सेंद्रिय शेतीच्या इतिहासात क्वचितच होतो, ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे. कुजण्याच्या क्रियेतील कर्ब-नत्राचा हिशेब हा रसायनशाळेचा विषय होता आणि त्या हिशेबाशिवाय इंदूर पद्धती ही उकिरड्याची सुधारित आवृत्ती एवढीच राहिली असती.

पद्धतीचे स्वरूप साधे होते. ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यात काडीकचरा, कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख यांचे थर घालीत. कर्ब व नत्र यांचे आरंभीचे प्रमाण सुमारे ३३ : १ राहील, अशी मिश्रणाची रचना असे. ओलावा राखून हे मिश्रण तीन वेळा परतले जाई आणि सुमारे ९० दिवसांत खत तयार होई. पऱ्हाटीसारखा चिवट भाग आधी गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चुरडून घेत. गोठ्यातील मातीची जमीन ठरावीक काळाने उकरून मूत्रासह वापरली जाई, कारण शेण गोळा करणारा शेतकरी मूत्र मात्र वाया घालवितो, हे हॉवर्ड व वाड यांच्या लक्षात आले होते.

या पद्धतीत विकत आणण्याजोगे जवळजवळ काहीच नव्हते. शेतातून जे निघाले ते शेताला परत द्यावे, हे तिचे सूत्र होते. १९४० च्या ग्रंथात हॉवर्ड यांनी याच सूत्राला परतफेडीच्या नियमाचे रूप दिले. चहा व कॉफीच्या मळ्यांनी ही पद्धत लवकर स्वीकारली. बहुवर्षायू पिकांना ती मानवते, असा अनुभव त्यातून जमा झाला.

५. इंदूरहून अमेरिकेकडे

१९४० मध्येच इंग्लंडमधील लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी 'सेंद्रिय शेती' ही संज्ञा रूढ केली. शेत हा एक सजीव व स्वयंपूर्ण देह आहे, असा तिचा आशय होता. खताचा प्रकार सांगण्यापेक्षा शेताची रचना सांगणे हा तिचा हेतू होता. हॉवर्ड यांच्या लेखनाने प्रभावित झालेले प्रकाशक जेरोम रोडेल यांनी पेनसिल्व्हेनियातील एमाउस येथे शेत घेतले आणि १९४२ मध्ये सेंद्रिय शेती व बागकाम यांना वाहिलेले मासिक सुरू केले. हॉवर्ड यांचे नाव त्या मासिकाशी सहयोगी संपादक म्हणून जोडलेले होते. या मासिकाचा वाचकवर्ग मुख्यतः परसबागवाल्यांचा होता. परसातील कुंपणालगतच्या बेरीच्या झुडपांना स्वयंपाकघरातील व बागेतील कचऱ्याचे कंपोस्ट घालणे, हे इंदूर पद्धतीचे अमेरिकन घरगुती रूप ठरले.

६. पश्चिम किनाऱ्यावरील मळे

ब्लॅकबेरीचे व्यापारी केंद्र मात्र दरम्यान पश्चिम किनाऱ्याकडे सरकले होते. कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे न्यायाधीश जेम्स लोगन यांच्या बागेत १८८० च्या दशकात ब्लॅकबेरी व रास्पबेरी यांच्या संकरातून 'लोगनबेरी' निर्माण झाली. त्याच दशकात, १८८५ मध्ये, ल्यूथर बरबँक यांनी भारतातून मिळालेल्या बियांपासून वाढविलेला वाण 'हिमालय' या नावाने बाजारात आणला. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते ही जाती मुळात आर्मेनिया व उत्तर इराण या प्रदेशांतील आहे. ती आज ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत नद्यांच्या काठी आणि रस्त्यांच्या कडेला उपद्रवी तण म्हणून माजली आहे. कोणतेही खत न घेता फोफावणारी ब्लॅकबेरी आणि खताच्या काटेकोर हिशेबावर वाढविलेली ब्लॅकबेरी ओरेगॉनमध्ये कुंपणाच्या दोन बाजूंस दिसतात.

ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यातील प्रमुख वाण 'मॅरियन' हा होय. जॉर्ज वॉल्डो यांनी १९४५ मध्ये केलेल्या संकरातून तो निघाला आणि १९५६ मध्ये प्रसारित झाला. मॅरियन परगण्यावरून त्याचे नाव पडले. त्याचा प्रसार झाला तो काळ स्वस्त रासायनिक नत्राचा होता. त्यामुळे व्यापारी मळ्यांची घडी त्याच खतावर बसली. २००५ मध्ये प्रसारित झालेल्या 'ब्लॅक डायमंड' या बिनकाट्याच्या वाणाने यंत्राने काढणी करणाऱ्यांची सोय आणखी वाढविली.

७. कायद्याची व्याख्या

सेंद्रिय मालाला अधिक भाव मिळू लागताच त्याची व्याख्या करण्याची गरज उत्पन्न झाली. ओरेगॉनने १९७३ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये याविषयी कायदे केले. १९७४ मध्ये वायव्य अमेरिकेत सुरू झालेल्या टिल्थ चळवळीतून पुढे ओरेगॉन टिल्थ ही प्रमाणन संस्था उभी राहिली. १९९० मध्ये संघराज्य पातळीवर सेंद्रिय अन्न उत्पादन कायदा संमत झाला. त्याखालील नियम डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध होऊन ऑक्टोबर २००२ पासून पूर्णपणे लागू झाले.

या नियमांतील कंपोस्टविषयक तरतूद इंदूर पद्धतीशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. कर्ब-नत्राचे आरंभीचे प्रमाण २५ : १ ते ४० : १ या मर्यादेत हवे, असे नियम सांगतो. इंदूरचा ३३ : १ हा आकडा या मर्यादेच्या जवळजवळ मध्यभागी बसतो. उघड्या लांबट ढिगांच्या पद्धतीत ५५ ते ७७ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस राखावे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा परतावा, अशीही अट आहे. हॉवर्ड व वाड यांचे लक्ष ह्यूमसच्या गुणवत्तेवर होते. नव्या नियमाचे लक्ष रोगजंतूंच्या नाशावर आहे. कच्च्या शेणखताबाबत तर नियम दिवस मोजतो : मातीशी संपर्क येणाऱ्या फळाबाबत काढणीपूर्वी १२० दिवस, अन्यथा ९० दिवस खत देता येत नाही. तारांच्या मांडवावर चढविलेल्या व १ जुलैला तोडणी सुरू होणाऱ्या ब्लॅकबेरीस कच्चे शेणखत द्यावयाचे, तर ते २ एप्रिलपूर्वीच द्यावे लागते. वसंतातील नवी काडी ज्या काळात सर्वाधिक नत्र मागते, तो काळ यामुळे कच्च्या खताला जवळजवळ बंद होतो.

या व्यवस्थेचा परिणाम दूरगामी होता. नियमांत मातीच्या संवर्धनाची अपेक्षा व्यक्त झाली आहे. परंतु व्यवहारात तपासणी सोपी होते ती पदार्थांच्या यादीवरून. कोणते द्रव्य चालते व कोणते चालत नाही, हा प्रश्न अग्रभागी आला. ते द्रव्य शेतातलेच आहे की हजार मैलांवरून आणले आहे, हा हॉवर्ड यांचा प्रश्न मागे पडला.

८. प्रयोगक्षेत्रावरील निरीक्षणे

ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या ऑरोरा येथील संशोधन केंद्रात २०१० मध्ये बर्नाडिन स्ट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॅरियन' व 'ब्लॅक डायमंड' या वाणांची सेंद्रिय पद्धतीने लागवड केली. तण न काढणे, हाताने निंदणी करणे आणि ओळीवर विणलेल्या चादरीचे आच्छादन घालणे यांची तेथे तुलना करण्यात आली. २०१२ च्या पहिल्या हंगामापासून तण न काढलेले झुडूप मागे पडल्याचे आढळले. गवत फळझाडाला खुरटविते, हे पुसा येथील निरीक्षण वेगळ्या पिकात आणि वेगळ्या हवामानात पुन्हा प्रत्ययास आले. आच्छादनाची चादर मात्र प्लॅस्टिकची असते. ती घातल्यावर मातीत कंपोस्ट मिसळणे अवघड होते आणि ठिबकमधून देता येणारे द्रवखत सोयीचे ठरते. तणाच्या प्रश्नावरील उत्तरानेच खताची निवड अशी मर्यादित केली.

विद्यापीठाच्या संबंधित अभ्यासांत सोयाबीन पेंडीच्या गोळ्या, प्रक्रिया केलेले कोंबडीखत, तसेच मक्याच्या स्टार्च उद्योगात उरणारा अर्क व मासळीचे अवशेष यांपासूनचे द्रवखत यांची तुलना झाली. उत्पन्नावर खताच्या स्रोतापेक्षा वाणाचाच प्रभाव अधिक दिसला. नत्राची गरज भागली की ते पेंडीतून आले की मासळीतून, याने झुडपाला फारसा फरक पडत नाही, असा याचा अर्थ होतो. निवड मग किंमत, मजुरी व सोय यांवर ठरते.

कंपोस्ट या स्पर्धेत मागे का पडते, हे एका कल्पित हिशेबावरून स्पष्ट होईल. हेक्टरी ६० किलो नत्र हवे आहे, कंपोस्टमध्ये १ टक्का नत्र आहे आणि त्यातील दहावा हिस्सा पहिल्या वर्षी उपलब्ध होतो, असे मानल्यास ६० टन कंपोस्ट लागेल. ४ टक्के नत्र असलेले मासळीचे द्रवखत दीड टनात तेवढेच नत्र पुरवील. वसंतातील थंड मातीत कंपोस्टमधील नत्र आणखी सावकाश सुटते. या हिशेबात एका वर्षापुरता विचार आहे. दरवर्षी घातलेल्या कंपोस्टचे उरलेले नऊ हिस्से मातीत राहतात, पुढील वर्षांत थोडेथोडे उपयोगी पडतात आणि मातीची जलधारणाही वाढवितात. झुडूप अनेक वर्षे एकाच जागी उभे राहणार असल्याने हा लाभ दुर्लक्षणीय नाही. नत्राच्या दरावरून केलेल्या तुलनेत तो दिसत नाही, एवढेच.

९. विकतचे खत आणि विश्वासाचा प्रश्न

खत बाहेरून येऊ लागले, की त्याच्या शुद्धतेची हमी शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. कॅलिफोर्नियात २००० ते २००६ या काळात सेंद्रिय म्हणून विकल्या गेलेल्या एका द्रवखतात अमोनियमचे रासायनिक क्षार असल्याचे उघड झाले. संबंधित उत्पादकास २०१२ मध्ये ३६४ दिवसांची कारावासाची शिक्षा झाली. दुसऱ्या अशाच प्रकरणात २०१३ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान २००९ मध्ये त्या राज्याने सेंद्रिय शेतीतील खतांची नोंदणी व तपासणी सक्तीची करणारा कायदा केला. हे खत घेणारे शेतकरी प्रामाणिक होते. त्यांनी नियम पाळले होते, प्रमाणपत्रे मिळविली होती आणि तरीही त्यांच्या मळ्यात निषिद्ध द्रव्य गेले होते. आपण शेताला काय घालतो हे ज्याला बाटलीवरच्या मजकुरावरून समजते, त्याची फसवणूक सोपी असते. स्वतः तीन वेळा परतलेल्या ढिगाबाबत असा प्रसंग उद्भवत नाही.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ब्लॅकबेरीच्या लागवडीत सेंद्रिय खताचा इतिहास सरळ रेषेतील पुनरागमनाचा नाही. तबेल्याचे खत, ग्वानो, कंपोस्ट व मासळीचे द्रवखत ही सर्व सेंद्रिय असली, तरी त्यांमागील अर्थव्यवस्था परस्परभिन्न आहेत.

२) इंदूर येथे हॉवर्ड व वाड यांनी मांडलेल्या पद्धतीचे तांत्रिक अंग अमेरिकन नियमांच्या आकड्यांशी मिळतेजुळते आहे. शेताने आपली सुपीकता स्वतः निर्माण करावी, हे तिचे आर्थिक व सामाजिक अंग मात्र क्षीण झाले आहे.

३) ओरेगॉनमधील प्रयोगांनी सेंद्रिय खतावर ब्लॅकबेरीचे व्यापारी उत्पादन शक्य असल्याचे दाखवून दिले. त्याचबरोबर, नत्राच्या एका वर्षाच्या हिशेबात बाहेरून आणलेले खत घरच्या कंपोस्टपेक्षा सोयीचे का ठरते, हेही या पिकाच्या लागवडीतून समजते.

४) सेंद्रिय शेतीचे मूल्यमापन करताना 'खत कोणते' या प्रश्नाबरोबर 'खत कोणाचे' हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. भारतात २००० नंतर सेंद्रिय उत्पादनाच्या प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली आणि डब्यांतून व पिशव्यांतून विकल्या जाणाऱ्या सेंद्रिय निविष्ठांची बाजारपेठ वाढली. जेथे या पद्धतीचा आरंभ झाला त्या देशातील शेतकऱ्याला शेण, मूत्र व काडीकचरा यांचा हिशेब पुन्हा स्वतः मांडता येणे, हे कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच मोलाचे आहे.